फुजीचा कोन मोजा

या आठवड्यात एका शाळेची सहावीची कृतिपत्रिका हाती आली. डावीकडे जपानी चित्रकार होकुसाईचा लाल फुजी, उजवीकडे त्याच डोंगराचा फोटो, खाली प्रश्न : फरक सांगा. इथवर मी खूश. मग शिक्षकांसाठी छापलेलं आदर्श उत्तर वाचलं : फोटो खरा असतो, चित्र काल्पनिक असतं. दोन गुण. चला पुढे!

अहो, मुलांच्या कंपासपेटीत कोनमापक असतो, तो बाहेर काढायला सांगा की. ओसामू दाझाई या जपानी लेखकाने १९३९ साली फुजीवर लिहिताना सुरुवातच कोनांनी केली. लष्करी नकाशावरून डोंगराचा छेद काढला, तर माथ्याशी पूर्व-पश्चिम उतारांचा कोन भरतो १२४ अंश, दक्षिण-उत्तर उतारांचा ११७. म्हणजे चांगला ऐसपैस बसलेला डोंगर. हिरोशिगेच्या चित्रात तोच ८५ अंशांवर येतो, आणि होकुसाईने तर तो जवळजवळ तिसापर्यंत आवळला, असा दाझाईचा हिशेब. लाल फुजी इतका टोकाला गेलेला नाही, पण फोटोपेक्षा टोकदार आहेच. किती, ते मुलांनाच मोजू द्या.

आता विचारा : होकुसाईला डोंगर नीट दिसला नव्हता का? सत्तरीत ‘छत्तीस दृश्यं’ काढायला बसलेला हा माणूस छत्तिसावर थांबेना, सेहेचाळीस करून मोकळा झाला. पायथ्याशी उभं राहिलं की कुठलाही चढ आहे त्याहून उभा वाटतो, हे गड चढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. मग त्या तीस अंशांना निव्वळ कल्पना कसं म्हणायचं?

आणि फोटो? टोकियोच्या इमारतींच्या पाठीला पाठ लावून उभा असलेला फुजी सगळ्यांनी पाहिलाय. प्रत्यक्षात तो शंभरेक किलोमीटर दूर आहे. लांब जाऊन टेलिफोटो भिंगाने टिपलं की मधलं अंतर गायब होतं. उताराचा कोन मात्र जागच्या जागी. चित्रकाराने कोन बदलला, छायाचित्रकाराने अंतर गिळलं. दोन गुण कुणाला देणार?

तिसरं चित्र मुलांकडूनच घ्या. डोंगर काढा म्हटलं की दोन त्रिकोण, मधून उगवता सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी. सह्याद्रीतल्या शाळेतसुद्धा! खिडकीबाहेर बेसॉल्टच्या थरांचा, सपाट माथ्याचा डोंगर उभा असतो आणि कागदावर समोसे. खिडकीतून फोनवर एक फोटो काढा आणि शेजारी ठेवा. हे त्रिकोण आले कुठून? माझा संशय बाजारातल्या गाइडांवर आहे. पुरावा नाही, पण संशय जुना आहे.

कोनमापक निघाल्यावर हा तास चित्रकलेचा की गणिताचा, असं मुख्याध्यापक विचारतील. बिनधास्त गणिताचा म्हणून नोंदवा. गणिताने चित्रकलेचे आजवर इतके तास पळवलेत, एखादा परत घेतला तर काय बिघडलं?