डफ नाही, पण पोवाडाच!

बालमित्रांनो, 'रॅप' म्हटलं की तुमचे पाय आपोआप हलू लागतात, आणि आई-बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. "हे काय गाणं? नुसती बडबड!" खरं की नाही? पण एक मराठी रॅप गाणं कानावर पडलं आणि मी ऐकतच राहिलो. आज त्याचीच गोष्ट.

गाण्याचं नाव 'द वारली रिव्होल्ट', म्हणजे वारलींचं बंड. मुंबईतल्या 'स्वदेसी' या तरुणांच्या गटाने ते २०१९ साली केलं. त्यांच्याबरोबर त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ते मुंबईच्या आरे जंगलातल्या पाड्यावर राहणारे आदिवासी. मुंबईत जंगल? हो, आहे बरं का! तिथे बिबटेही आहेत.

त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली गेली. लोकांनी खूप विरोध केला. कारशेड शेवटी तिथेच झाली. पण जंगलात राहणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, ते या गाण्यात राहिलं.

आता गंमत बघा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर पांढऱ्या रंगाची वारली चित्रं आपण शाळेत हौसेने काढतो. तारपा वाजवणारा माणूस तर सगळ्यांनाच जमतो. पण ज्यांची ही कला, त्यांना काय वाटतं, हे आपण कधी विचारतो का? मला ते या 'बडबडी'ने विचारायला लावलं.

खरं तर रॅप आपल्याला परकं नाही. १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत हिप-हॉप जन्मलं. महागडी वाद्यं कुठून आणणार? जुन्या रेकॉर्डचा ठेका आणि तोंडातले शब्द, एवढंच भांडवल. आपला शाहीर तरी वेगळं काय करतो? डफावर थाप मारतो आणि लोकांची गोष्ट सांगतो. अण्णाभाऊ साठ्यांनी कामगारांचं जगणं असंच मांडलं. काही रॅपर तर अख्खा अल्बम एकाच कथेवर बांधतात, जसं कीर्तनात एकच आख्यान रंगतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू वस्त्या आहेत. घरोघरी आजीजवळ जात्यावरच्या ओव्या आहेत. बोली आहे वऱ्हाडी. पण चारचौघांत वऱ्हाडी बोलायला वर्गातली पोरं लाजतात. "सर, हसतात ना लोकं!" म्हणतात. अरे, हसू द्या! ज्या बोलीत आई हाक मारते, तिची कसली लाज?

तर या रविवारी एवढं करा. आजीकडून एक ओवी ऐकून वहीत उतरवा. मग आपल्या गावावर, आपल्याच बोलीत चार ओळी रचा आणि टाळीच्या ठेक्यावर म्हणा.

आणि पालकहो, सगळीच रॅप गाणी मुलांनी ऐकण्याजोगी नसतात, हे मान्य. म्हणूनच बटण बंद करण्याआधी एकदा मुलांजवळ बसून ऐका. काय सांगताहेत, ते तरी कळेल!

तुमचे,
गुरुजी