पेटीत उरलेली आशा : एका मुक्त यंत्राच्या निमित्ताने

ग्रीक पुराणकथेतली पँडोरा आपल्या परिचयाची आहे ती तिच्या पेटीमुळे. वास्तविक हेसिअडच्या मूळ कथनात पेटी नाहीच, रांजण आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ही कथा लॅटिनमध्ये सांगताना रांजणाची पेटी केली आणि पुढे तीच रूढ झाली. सगळी अरिष्टे बाहेर पडल्यावर तळाशी आशा तेवढी उरली, हा तपशील मात्र पेटीतही टिकला. इंग्लंड-जर्मनीकडच्या काही हौशी मंडळींनी तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा एक मुक्त संगणक तयार करण्याचे ठरवले आणि त्याला 'पँडोरा' असे नाव दिले. त्याची आगाऊ नोंदणी ३० सप्टेंबर २००८ रोजी खुली झाली. पहिली यंत्रे ग्राहकांच्या हाती पडायला मे २०१० उजाडला. मधल्या वीस महिन्यांत ग्राहकांजवळ यंत्र नव्हते, केवळ आशा होती. या यंत्रावर कोणते खेळ चालावेत, कोणत्या आज्ञावल्या असाव्यात, याच्या याद्या लोक करीत राहिले.

या याद्यांची आज कुठे आठवण निघालीच, तर तीन प्रकारे निघते. पहिला प्रकार थट्टेचा : वाढत्या वयाच्या माणसांना आपल्या लहानपणीची खेळणी परत हवी होती, एवढेच. दुसरा आरोपाचा : फुकटात खेळ लाटण्याची ही सोय होती. तिसरा हिशेबाचा : यंत्र उशिरा आले, थोडे खपले, विषय संपला. या तिन्ही निकालांना माझा विरोध आहे. त्या याद्यांमधली आशा ही मुळात वाचकाची आशा होती, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

आधी याद्यांमध्ये काय होते ते पाहू. यंत्र लहानच होते. ४.३ इंचांचा पडदा, ६०० मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती, दोन मेमरी कार्डांची सोय आणि खेळाच्या कळांबरोबर टंकलेखनाचा पूर्ण कळफलक. जीपी३२ (२००१) आणि जीपी२एक्स (२००५) ही दोन कोरियन यंत्रे वापरणाऱ्यांमधूनच ही मंडळी पुढे आली होती. त्यांच्या मागण्यांत जुन्या प्लेस्टेशनचे, निन्टेंडो ६४ चे, अमिगाचे खेळ होते. २००५ साली ज्याची मूळ आज्ञावली खुली झाली त्या 'क्वेक ३' ची अपेक्षा होती. पण त्याच मागण्यांत पूर्ण स्वरूपाचा ब्राउझर होता, शब्दसंस्करणाची आज्ञावली होती, आणि त्याच यंत्रावर बसून नवी आज्ञावली लिहिता यावी हीही इच्छा होती. वाचणे, लिहिणे आणि खेळणे एकाच साधनावर, कोणाची परवानगी न घेता करता यावे, असा या सगळ्याचा अर्थ होता. २००८ च्या जुलैमध्ये ॲपलने आयफोनसाठी आपले दुकान उघडले होते. काय चालेल आणि काय चालणार नाही हे दुकानदाराने ठरवायचे, ही व्यवस्था तेव्हा जन्माला येत होती. पँडोराची यादी तिच्या नेमकी उलट दिशेने लिहिली जात होती.

आता पहिला आक्षेप. जुन्याची ओढ म्हणजे बालिशपणा, हे म्हणणे ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या एकनाथांच्या भाषेत तरी शोभत नाही. एखादी कृती पुढच्या पिढीला अभ्यासता यायची, तर ती आधी हाती पडली पाहिजे. खेळांच्या बाबतीत हे किती अवघड आहे, याचा हिशेब 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने २०२३ साली मांडला. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची दुकाने बंद केली. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. एखाद्या भाषेतली दहांतली जवळजवळ नऊ पुस्तके बाजारात मिळत नाहीत आणि ग्रंथालयाने ती बाहेरगावच्या अभ्यासकाला दाखवायलाही बंदी आहे, असे कळले तर आपण परिसंवाद भरवले असते. खेळांच्या बाबतीत आपण हसतो.

ज्या आज्ञावल्यांच्या बळावर जुने खेळ नव्या यंत्रावर चालतात त्यांना एम्युलेटर म्हणतात. नव्या यंत्राने जुन्या यंत्राचे सोंग इतके हुबेहूब घ्यायचे की खेळाला फरक कळू नये, हे त्यांचे काम. हे करायला जुन्या यंत्राची प्रत्येक खोड माहीत असावी लागते, आणि निर्मात्या कंपन्या ती सांगत नाहीत. मग हौशी लोक निरीक्षणातून, तर्कातून, चुकत-माकत ती शोधून काढतात. मराठीच्या अभ्यासकाला याचे नवल वाटायला नको. महानुभावांचे वाङ्मय कित्येक शतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये बंद होते. पोथ्या होत्या, वाळवी लागू न देता जपलेल्या होत्या, पण पंथाबाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि मराठी गद्याच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली. राजवाड्यांना कोणी कुलूपफोडे म्हणत नाही. संहिता जपून ठेवणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या उलगड्याने आपल्याला शिकवले. एम्युलेटर लिहिणारा माणूस दुसरी गोष्ट साध्य करीत असतो.

पँडोराच्या बाबतीत याचे सर्वांत चांगले उदाहरण २०१४ मधले आहे. 'स्टारक्राफ्ट' हा १९९८ चा खेळ इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकासाठी बांधलेला. पँडोराचा प्रक्रियक एआरएम पद्धतीचा, म्हणजे त्याची आज्ञांची भाषाच निराळी. मूळ आज्ञावली उपलब्ध नसताना एका हौशी आज्ञावलीकाराने विक्रीस असलेल्या खेळातल्या यंत्रभाषेतल्या आज्ञा उलगडून त्यांचे एआरएमच्या भाषेत रूपांतर केले, आणि तो खेळ पँडोरावर चालला. लेखकाची हस्तलिखिते, टिपणे, स्पष्टीकरणे काहीही हाताशी नसताना केवळ छापील प्रतीवरून केलेले हे भाषांतर आहे. भाषांतरमीमांसेच्या तासाला आपण निष्ठा आणि स्वातंत्र्य यांवर बोलतो. येथे निष्ठा इतकी कडक आहे की एक आज्ञा चुकली तर कृती जागच्या जागी थांबते. या कामाचा विचार भाषांतराच्या चर्चेत कधी व्हायचा?

दुसरा आक्षेप चोरीचा. एम्युलेटरांच्या आडून चोरटे खेळ वाटले जातात, हे खरे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. ज्या लहान निर्मात्याचा खेळ आज विक्रीला आहे, त्याचा खेळ उचलणे म्हणजे नवोदित कवीचा संग्रह झेरॉक्स करून वाटण्यासारखेच आहे. पण चोरीचा मुद्दा काढायचा तर तो दोन्ही बाजूंनी काढावा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या '१९८४' च्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. त्या आवृत्तीच्या विक्रेत्याकडे हक्क नव्हते, असे कारण दिले गेले आणि पुढे कंपनीने माफीही मागितली, पण पुसता येते हे सिद्ध झालेच. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसवण्याची सोय काढून घेतली. ही सोय यंत्र विकताना दिलेली होती. तिला मुकायचे नसेल तर नवी सुधारणा नाकारायची, आणि ती नाकारली तर सोनीच्या ऑनलाइन सेवेला मुकायचे, असा पर्याय ग्राहकापुढे राहिला. पँडोराची पहिली यंत्रे निघाली ती याच्या पुढच्याच महिन्यात. मार्च २०२४ च्या अखेरीस युबिसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ च्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. विकलेली वस्तू परत नेणाऱ्याला काय म्हणायचे, हेही मग एकदा ठरवावे.

तिसरा आक्षेप अपयशाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. यंत्र दीड वर्षाहून अधिक उशिरा आले, खप काही हजारांतच राहिला, आणि आगाऊ पैसे भरलेल्यांपैकी काहींना ते मिळालेच नाही. पँडोराचा वारस म्हणवणाऱ्या 'पायरा'ची कथाही विलंबाचीच आहे. शिवाय ज्या मुक्ततेचा डांगोरा पिटला गेला ती पुरती मुक्त नव्हती. चित्रांकन करणाऱ्या भागाची चालक आज्ञावली बंदिस्तच होती. म्हणजे मुक्त घराच्या एका खोलीची किल्ली चिप बनवणाऱ्याकडे राहिली. नव्या, स्वतंत्र खेळांची संख्याही रूपांतरांच्या मानाने थोडीच राहिली. आशेच्या याद्या मागे पाहणाऱ्या होत्या, पुढे पाहणाऱ्या कमी, हा दोष मला मान्य आहे.

मात्र यावरून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. अव्वल इंग्रजी काळातले मराठी गद्य उघडून पाहा. भाषांतरे, रूपांतरे, बोधकथांचे अनुवाद यांचीच गर्दी आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' यायला १८५७ साल उजाडावे लागले. आधीच्या अनुवादकांनी वाक्यरचना, शब्द, वाचक तयार केले नसते तर स्वतंत्र लेखन कशावर उभे राहिले असते? नव्या माध्यमात रूपांतरे आधी येतात. त्या माध्यमाला सलग पन्नास वर्षे मिळाली की स्वतंत्र कृतींचा हिशेब मागावा. बंदिस्त यंत्रांना मात्र ती पन्नास वर्षे मिळतच नाहीत, कारण सहा-सात वर्षांत यंत्र बाद होते आणि त्याच्याबरोबर त्याचे वाङ्मयही.

याउलट जेथे संहिता यंत्रापासून सुटी ठेवली गेली तेथे काय घडले, याचेही उदाहरण आहे. इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीने १९८० च्या दशकात केवळ शब्दांवर चालणारे खेळ काढले. डग्लस ॲडम्सचा सहभाग असलेला 'हिचहायकर्स गाइड' चा खेळ (१९८४) त्यांपैकीच. हे खेळ प्रत्यक्ष यंत्रासाठी न लिहिता एका कल्पित यंत्रासाठी लिहिलेले होते. हौशी अभ्यासकांनी त्या कल्पित यंत्राची रचना उलगडली, आणि १९९३ साली ग्रॅहम नेल्सनने त्याच यंत्रासाठी नवे खेळ लिहिण्याची 'इन्फॉर्म' ही भाषा तयार केली. कंपनी १९८९ मध्ये बंद पडली, पण तिच्या संहिता आजही वाचता येतात आणि त्या परंपरेत नवे लेखन होत राहिले. उलगडा झाल्यामुळे नवनिर्मिती थांबली नाही, ती सुरू झाली.

काहीजण म्हणतील, आता हा वाद जुना झाला. २०२२ साली वाल्व्हने आणलेले स्टीम डेक हे यंत्र लिनक्सवरच चालते, मालकाला त्यावर हवी ती प्रणाली बसवता येते आणि ते भरपूर खपते. ॲपलनेही एप्रिल २०२४ मध्ये एम्युलेटरांना आपल्या दुकानाचा दरवाजा उघडला. पँडोराच्या याद्यांतले पुष्कळसे असे पुरे झाले आहे, हे खरे. पण यंत्र मोकळे झाले तरी त्यावरची कृती मोकळी झालेली नाही. स्टीमच्या दुकानात ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्यापूर्वीच सांगितले जाते की तुम्ही खेळ नव्हे, तो वापरण्याचा परवाना घेत आहात. पूर्वी जे लपवले जात होते ते आता छापून सांगितले जाते, एवढीच प्रगती.

मराठीच्या प्राध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. एक तर, ज्या काळात बाजारातल्या साध्या फोनवर जोडाक्षरे तुटत होती, वेलांट्या भलत्या जागी पडत होत्या, अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनाही देवनागरी धड जमत नव्हती, त्या काळात मुक्त लिनक्ससाठी देवनागरीची अक्षरजुळणी करणारे घटक तयार होते. बंदिस्त यंत्रावर आपली लिपी कधी उमटेल हे कंपनी ठरवते. मुक्त यंत्रावर ते आपल्याला करता येते.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. १९९० च्या दशकात आणि पुढेही काही वर्षे मराठी पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध ज्या संगणकांवर जुळवले गेले त्यांच्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. त्या त्या कंपनीच्या खासगी फॉन्टसंकेतात आहेत. तो फॉन्ट नसला तर पडद्यावर उमटतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन ओळ. ही आपण स्वतः तयार केलेली सकळ लिपी आहे, आणि तिच्यामागे पंथाची गुप्तता नाही, केवळ व्यापाराची बेफिकिरी आहे. त्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक अनेकदा हौशी मंडळींनीच फावल्या वेळात लिहिले. पँडोरावर जुने खेळ चालवू पाहणारी माणसे आणि ही माणसे एकाच जातकुळीची आहेत. एका गटाच्या कामाला आपण भाषेची सेवा म्हणतो, दुसऱ्याच्या कामाला पोरखेळ. हा भेद कशाच्या आधारावर करायचा, ते मला कोणी समजावून सांगावे.

तोवर माझा आग्रह एवढाच आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात पोथी, शिलालेख आणि मुद्रित प्रत यांच्याबरोबर यंत्रात बंद असलेली संहिताही यावी. विद्यार्थ्याने एखादी जुनी मराठी फाइल उलगडून, तिच्यातल्या परिवर्तनाच्या चुका नोंदवून, शुद्ध प्रत सिद्ध करावी, आणि त्याला प्रबंधिकेइतकेच गुण मिळावेत. विभागातल्या संगणकावर मुक्त प्रणाली असावी. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही, कारण ताडपत्र आठशे वर्षे वाट पाहू शकते, फ्लॉपीची चकती पाहू शकत नाही.