मानसशास्त्र विभागाचे विद्यार्थी आणि आपले प्रबंध

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत एक पान अलीकडे ठरलेले असते. विभागातील प्राध्यापकांचे इतके शोधनिबंध प्रसिद्ध झाले, विद्यार्थ्यांनी इतक्या परिषदांत भित्तिपत्रके मांडली, इतकी पारितोषिके मिळाली. पान कला महाविद्यालयातील मानसशास्त्र विभागाचे असो वा आयुर्वेद महाविद्यालयातील कायचिकित्सा विभागाचे, नावे बदलली तरी मजकूर तोच राहतो. या आकड्यांचे कौतुक करण्यास आमची हरकत नाही. परंतु जगभरच्या मानसशास्त्र विभागांनी गेल्या दीड दशकात जे खरोखर कमावले, ते अशा पानावर सहसा छापले जात नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून, दुसऱ्यांनी केलेले प्रयोग पुन्हा करून ते कमावले आहे. आपल्या व्यवसायाने त्याची दखल घ्यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

वैद्याला आणि फार्मसीमालकाला मानसशास्त्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत आपण काय मोजतो ते आठवून पाहावे. संधिवातात वेदना, अम्लपित्तात दाह, अनिद्रेत निद्रा, ग्रहणीत अग्नी, आणि सर्वत्र उत्साह व बल. यांतील बहुतेक गोष्टी रुग्णाला विचारून, शून्य ते तीन अशा श्रेणी देऊन कागदावर उतरतात. विचारणारा माणूस, सांगणारा माणूस आणि श्रेणी लिहिणाराही माणूसच. माणसाने माणसाचे केलेले मोजमाप कोठे चुकते, हा तर मानसशास्त्राचा नित्याचा अभ्यासविषय आहे.

त्यातील एक जुना प्रयोग येथे विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते. रॉबर्ट रोझेन्थल हे अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवीत असताना त्यांनी व त्यांचे विद्यार्थी कर्मिट फोड यांनी वर्गातील बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. काहींना सांगितले की तुमचे उंदीर चक्रव्यूहात वाट शोधण्यात हुशार अशा वंशाचे आहेत. उरलेल्यांना सांगितले की तुमचे मंद वंशाचे आहेत. प्रत्यक्षात साठही उंदीर एकाच प्रकारचे, केवळ यदृच्छेने वाटलेले. तरीही 'हुशार' म्हणविलेल्या उंदरांचे निकाल उजवे आले. हा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी लबाडी केली असे त्याचे तात्पर्य नव्हते. हुशार म्हणून मिळालेले उंदीर त्यांना अधिक आवडले, त्यांना त्यांनी अधिक हळुवारपणे हाताळले, आणि अपेक्षा हातांतून निकालात उतरली.

आता आपल्या ओपीडीतील प्रबंधाचे चित्र पाहावे. पदव्युत्तर विद्यार्थी स्वतःच रुग्ण निवडतो, स्वतःच औषध देतो, पंधरा दिवसांनी स्वतःच 'आता कसे वाटते?' म्हणून विचारतो आणि स्वतःच श्रेणी भरतो. विषय मार्गदर्शकांनी दिलेला असतो, कल्प त्यांच्या आवडीचा असतो, आणि औषध एखाद्या फार्मसीने सौजन्याने पुरविलेले असते. रुग्णही भला माणूस. इतक्या आपुलकीने विचारणाऱ्या डॉक्टरांना 'काही फरक नाही' असे सांगणे त्याच्या जिवावर येते. रोझेन्थल यांच्या विद्यार्थ्यांपाशी निदान मुके प्राणी होते. येथे तर दोन्ही बाजूंनी अपेक्षाच बोलतात. अशा तीस रुग्णांच्या एका गटाचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून शेवटी 'अतिशय लक्षणीय' असा निष्कर्ष निघतो. प्रतिश्यायासारखा आपोआप उतरणारा व्याधी असेल, तर तेवढ्याच दिवसांत औषधावाचूनही बरीच सुधारणा दिसली असती, हे सांगण्यास दुसरा गट नसतो. नकारार्थी निष्कर्षाचा प्रबंध आपणांपैकी कितीजणांनी पाहिला आहे? आमच्या पाहण्यात फारच थोडे आले.

मानसशास्त्रातही बराच काळ हेच चालले होते. न्यूयॉर्क विद्यापीठातील जॉन बार्घ व सहकाऱ्यांचा १९९६ सालचा एक प्रयोग पाठ्यपुस्तकांत गाजला. वार्धक्याशी निगडित शब्दांची वाक्ये जुळविल्यानंतर विद्यार्थी बाहेरच्या मार्गिकेत सावकाश चालतात, असा त्याचा निष्कर्ष. ब्रुसेल्स येथील स्तेफान दोयाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तो पुन्हा करून पाहिला. या वेळी चालण्याचा वेग अवरक्त किरणांच्या यंत्राने मोजला. परिणाम दिसला नाही. मग त्यांनी दुसरी फेरी घेतली आणि तीत प्रयोग घेणाऱ्यांच्या मनातच अपेक्षा पेरली. 'हे सावकाश चालतील' असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांच्यापुढे परिणाम अवतरला. उंदरांची गोष्ट माणसांच्या बाबतीत पुन्हा खरी ठरली. उपाध्या, नावलौकिक आणि पाठ्यपुस्तकांतील स्थान यांचा विचार न करता एका तरुण संशोधकाने हे तपासले, ही गोष्ट आम्हांस एखाद्या पारितोषिकापेक्षा मोठी वाटते.

२०१५ साली तर हे काम सामुदायिक झाले. व्हर्जिनिया विद्यापीठाचे ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने सुमारे दोनशे सत्तर संशोधकांनी, २००८ साली तीन प्रतिष्ठित नियतकालिकांत आलेले शंभर अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय होता. पुनःप्रयोगांत तो ३६ टक्क्यांत राहिला, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. या मोजणीवर आक्षेपही आले. हार्वर्डचे डॅनियल गिल्बर्ट व इतरांनी २०१६ साली तिच्या पद्धतीतील उणिवा दाखविल्या, आणि तो वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. पण वाद आकड्यांवर झाला, उघड्यावर झाला. आपल्याकडील तद्विद्यसंभाषेची कल्पना यापेक्षा वेगळी ती काय?

यात लहान महाविद्यालयांचा वाटा मोठा, हे आवर्जून सांगावयास हवे. ज्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नाही आणि मोठे अनुदान नाही, त्यांनी मार्ग काढला. पॅसिफिक लूथरन विद्यापीठाचे जॉन ग्राही यांनी सहकाऱ्यांसह २०१३ च्या सुमारास एक योजना उभी केली. पदवीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून नवा, अर्धाकच्चा विषय घेण्याऐवजी यादीतील एक गाजलेला अभ्यास निवडून तो काटेकोरपणे पुन्हा करावयाचा. प्रयोगापूर्वी नैतिक समितीची मान्यता, साधनसामग्री आणि प्रयोग कसा घेणार याचे चित्रीकरण तपासणीसाठी पाठवावयाचे. मंजुरीनंतरच माहिती गोळा करावयाची. निरनिराळ्या महाविद्यालयांतील अशा अनेक संघांचे आकडे एकत्र करून मग निबंध लिहावयाचा. लाल रंगामुळे स्त्रियांना पुरुष अधिक आकर्षक वाटतात, हा २०१० सालचा लोकप्रिय निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या संघांनी असाच तपासला; २०१९ साली त्यांचा निबंध आला आणि त्या निष्कर्षाला आधार मिळाला नाही. एकेका विद्यार्थ्याचा नमुना लहान, पण बेरीज भक्कम.

ओहायोतील अ‍ॅशलंड विद्यापीठ हे काही जगप्रसिद्ध ठिकाण नव्हे. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक ख्रिस्तोफर चार्टियर यांनी २०१७ साली जगभरच्या प्रयोगशाळांना एकच प्रयोग एकाच पद्धतीने करण्याचे आवाहन केले. त्यातून निघालेला पहिला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला: ४१ देश आणि ११,५७० सहभागी. अनोळखी चेहरा पाहून आपण माणसाविषयी जे मत बनवितो, त्याची घडण सर्व प्रदेशांत सारखी असते का, हा प्रश्न. आपल्याकडील सर्व आयुर्वेद महाविद्यालयांतील काय एकच प्रबंधविषय घेऊन असे काही करता येणार नाही?

एक नाजूक मुद्दा टाळणे योग्य होणार नाही. हॉलंडमधील टिलबर्ग विद्यापीठाचे डिडरिक स्टापेल हे नामवंत प्राध्यापक व विद्याशाखेचे अधिष्ठाता. ते विद्यार्थ्यांना प्रयोगाचे तयार आकडे आणून देत. आकडे फार सुबक होते. २०११ साली तीन तरुण संशोधकांनी धीर करून विभागप्रमुखांकडे संशय मांडला आणि ते आकडे कल्पित असल्याचे उघड झाले. पुढे त्यांचे पन्नासाहून अधिक निबंध मागे घेतले गेले. चौकशी समितीच्या अहवालात त्या तिघांची वाखाणणी आहे. आपल्याकडे गुरूंविषयीचा आदर हा शिक्षणाचा पाया आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु 'सर, हे आकडे मला पटत नाहीत' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, यावरून त्या विभागाची पारख होते. चरकाचार्यांनी आप्तोपदेशाच्या जोडीला प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या परीक्षाही सांगितल्या आहेत, हे आपण व्याख्यानांत मोठ्या अभिमानाने सांगतो.

आमच्या काही ज्येष्ठ वैद्यमित्रांचे म्हणणे असे की, आयुर्वेदाची चिकित्सा प्रकृतिनिष्ठ, पुरुषपरत्वे वेगळी. तिला ही मोजपट्टी लागू होत नाही. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. मग प्रारंभ प्रकृतीपासूनच करावा. एकाच रुग्णाची प्रकृती तीन वैद्यांनी एकमेकांस न विचारता ठरविली, तर ती जुळते का? महिन्याने त्याच वैद्याने पुन्हा ठरविली तर? मानसशास्त्रात प्रश्नावली वापरण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारलेच जातात आणि त्यासाठीचे गणित तेथील द्वितीय वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. प्रकृतिपरीक्षणाच्या नाना प्रश्नावल्या आज प्रचारात आहेत. त्यांतील किती या कसोटीस उतरतात, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. भारतात या विषयाचा पहिला विभाग कोलकाता विद्यापीठात १९१६ साली नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे सोपविला गेला. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० पासून आहे. आज जिल्ह्याच्या गावीही कला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविले जाते. त्या विभागातील प्राध्यापक आणि आपल्या आयुर्वेद महाविद्यालयातील रोगनिदानाचे प्राध्यापक एकाच रस्त्याने घरी जातात, पण त्यांची भेट होत नाही.

फार्मसीमालक बंधूंना यात थेट हितसंबंध आहे. २०१० साली औषध नियमांत १५८-ब हा नियम आला आणि पेटंट व प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी परिणामकारकतेच्या पुराव्याचा विषय कायद्यात शिरला. तेव्हापासून महाविद्यालयीन प्रबंधांना बाजारात किंमत आली. माहितीपत्रकावर 'वैद्यकीय चाचण्यांद्वारे सिद्ध' असे छापले जाते. प्रतिनिधी ते वैद्याच्या टेबलावर ठेवून जातो. वैद्य त्या भरवशावर रुग्णाला लिहून देतो. या साखळीच्या मुळाशी पुष्कळदा आम्ही वर वर्णिलेला तीस रुग्णांचा प्रबंध असतो. उद्या कोणी तो काटेकोरपणे पुन्हा केला आणि निष्कर्ष टिकला नाही, तर बोल केवळ त्या औषधाला लागणार नाही. ग्रंथोक्त कल्प प्रामाणिकपणे बनविणाऱ्या शेजारच्या फार्मसीलाही लागेल. तो पुनःप्रयोग आपणच आधी केलेला बरा.

खर्च वाटतो तेवढा नाही. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' ही नोंदवही जुलै २००७ पासून चालू आहे. नोंदणीस शुल्क नाही, पदव्युत्तर प्रबंधही तेथे नोंदविले जातात, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद करावी लागते. काय मोजणार हे आधी लिहून ठेवले की नंतर सोयीचे लक्षण निवडता येत नाही. श्रेणी भरणारा विद्यार्थी आणि औषध देणारा विद्यार्थी वेगळे ठेवणे, म्हणजे दोन सहाध्यायींनी परस्परांच्या रुग्णांच्या श्रेणी भरणे, यासाठी तर एक रुपयाही लागत नाही. जेथे थोडा खर्च आहे तेथे फार्मसीने हात द्यावा. औषध विनामूल्य पुरविताना त्याच रंगाच्या, त्याच आकाराच्या औषधरहित गोळ्याही पुरवाव्यात आणि कोणत्या डबीत काय आहे याची यादी महाविद्यालयाच्या नैतिक समितीकडे मोहोरबंद ठेवावी. चूर्णाच्या चवीमुळे ओळख पटते, काढ्याचा वास लपत नाही, ही अडचण खरी. म्हणून आरंभ वटी आणि कॅप्सूल यांपासून करावा. आणि निष्कर्ष कोणताही आला तरी तो प्रसिद्ध करण्यास हरकत घेणार नाही, असे औषध देतानाच लिहून द्यावे.

आपल्या संघटनेच्या येत्या बैठकीपुढे आमचा प्रस्ताव एवढाच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी जी पारितोषिके देतो, त्यांतील एक यापुढे केवळ पुनःप्रयोगासाठी राखून ठेवावे: पूर्वी झालेला एखादा प्रबंध, तीच मात्रा, तेच अनुपान, दुसरे महाविद्यालय, श्रेणी भरणारा वेगळा, आणि नोंद आधी झालेली. तीन महाविद्यालयांनी एकच विषय घेतल्यास उत्तम. त्यांपैकी कोणाचा निष्कर्ष मूळ प्रबंधाच्या विरुद्ध आला, तर तो याच त्रैमासिकात, मूळ मार्गदर्शकांच्या उत्तरासह छापण्याची जबाबदारी संपादक मंडळाने घ्यावी. परीक्षक म्हणून जवळच्या मानसशास्त्र विभागातील एका प्राध्यापकास अवश्य बोलवावे. त्यांना रास्ना कोणती हे ओळखता येणार नाही, पण श्रेणी कोणी भरल्या हे ते पहिल्याच पानावर विचारतील.