जखम त्याची, पुरावा सरकारचा

पोलीस शिपाई, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांना कर्तव्य बजावताना अपंगत्व आलं, तर त्यांना वेगळं आणि पुरेसं निवृत्तिवेतन मिळावं, असं म्हटलं की ठरावीक आक्षेप पुढे येतात. धोका माहीत असूनच भरती झाले होते ना? तिजोरीवर किती बोजा टाकायचा? आणि खोटी प्रकरणं घुसतील, त्यांचं काय? चौथा आक्षेप हितचिंतकांचा आहे: घरी कशाला बसवता, बसून करायचं काम द्या. त्या चौथ्याची दखल सावकाश घ्यावी लागेल. पहिल्या तिन्हींचं तसं नाही.

धोका पत्करला म्हणजे नेमकं काय पत्करलं? 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गठड्या होत्या आणि शेकडो टन दारूगोळा होता, पण स्फोटकांची सूचना देणारा लाल बावटा जहाजावर चढवलेला नव्हता. आग विझवायला गेलेल्यांपैकी 66 जवान स्फोटांत गेले. आपण दरवर्षी त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो यामुळेच. आजही गोदामात कोणती रसायनं साठवली आहेत याची यादी मालक गाडीवरच्या जवानांच्या हातात देत नाही. जवानाने कामाचा धोका स्वीकारलेला असतो. दुसऱ्याने दडवलेला धोका त्याने कधीच स्वीकारलेला नसतो, आणि त्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी, याचं उत्तर हा आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं.

खोट्या प्रकरणांची भीती मला अधिक घातक वाटते, कारण ती नियमांच्या आत जाऊन बसली आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त लीडिंग फायरमन आहेत. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी आहे. ज्वाळा दिसत असतात तोवर बी.ए. सेट (श्वसनयंत्र) पाठीवर आणि मास्क तोंडावर असतो. आग आटोक्यात आली की ‘कूलिंग’ सुरू होतं. जळका ढिगारा उपसायचा, धुमसणारा भाग शोधून पाणी मारायचं. हे काम तासन् तास चालतं आणि सिलिंडर तेवढे पुरत नाहीत, म्हणून मास्क निघतो. तोंडाला ओला रुमाल बांधून माणसं प्लॅस्टिक, फोम, रंग यांच्या धुरात उभी राहतात. मग स्टेशनवर परतल्यावर नोंद होते: वर्दी (आगीची सूचना) किती वाजता आली, गाड्या किती गेल्या, आग केव्हा विझली, जखमी – निरंक.

पंधरा-वीस वर्षांनी तोच माणूस जिना चढताना थांबू लागतो. मेडिकल बोर्ड विचारतं, हा आजार कर्तव्यामुळेच झाला कशावरून? कोणत्या वर्दीवर? नोंदवही म्हणते, निरंक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं. त्या गटात तंबाखूचा धूर आणि अॅसबेस्टॉस आहेत. इतकं झाल्यावरही एकेका जवानाला आपल्या छातीतल्या धुराचा दिनांक विचारायचा, हा अन्याय आहे.

आणि ही संशयाची चाळणी अडवते तरी कुणाला? लबाडाचे कागद नेहमी चोख असतात. सिक रिपोर्ट, प्रमाणपत्रं, साक्षीदार, सगळं वेळच्या वेळी जमवलेलं असतं. अडकतो तो बंदोबस्तात गुडघा दुखावला तरी माणसं कमी आहेत म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलेला शिपाई. त्याने तेव्हा सुट्टी घेतली नाही, म्हणून आज त्याच्याकडे कागद नाही. लबाडी पकडायची तर तपासा, गुन्हा नोंदवा, वसुली करा. सगळ्यांना आधीच संशयित ठरवू नका.

मी मागतो आहे ते नवंही नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य आजारांची अनुसूची होती. शिशाशी संबंधित कामात सलग सहा महिने काढलेल्या कामगाराला शिशाची विषबाधा झाली, तर ती कामामुळेच झाली असं कायदा धरून चालत असे आणि तसं नसेल तर ते मालकाने सिद्ध करायचं असे. परकीय राजवटीत कारखान्याच्या मालकावर टाकलेली ही जबाबदारी शंभर वर्षांनी आपलं सरकार स्वतःवर घ्यायला का कचरतं? सैन्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हेच म्हटलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे वैद्यकीय कारणाने जवानाला काढलं, तर आजार सेवेमुळे आला असं गृहीत धरायचं आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. न्यूयॉर्क राज्याने जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर राबलेल्या कर्मचाऱ्यांसाठी 2005 मध्ये असाच कायदा केला.

आता हितचिंतकांचा आक्षेप. काम देत राहावं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसऱ्या पदावर घ्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं, हे अपंगांच्या हक्कांविषयीच्या 1995 च्या कायद्यात होतं आणि 2016 च्या कायद्याच्या कलम 20 मध्येही आहे. पाय गमावलेल्या एका कॉन्स्टेबलला रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवलं होतं. ते दिलं म्हणून कायद्याचं हे संरक्षण संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये दिला. आणि ज्यांना या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ जवानांना केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये त्यातून वगळलं! ही सूट रद्द व्हायला हवी.

पण बसून करायचं काम हा हक्क आहे, सक्ती नव्हे. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला आठ तास वायरलेसच्या खुर्चीवर बसवणं म्हणजे पुनर्वसन नाही. काम की निवृत्ती हे माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावं, कार्यालयाने आपल्या सोयीने नव्हे. निवृत्तिवेतन अपुरं असेल तर ही निवड नावापुरतीच उरते.

उरला तिजोरीचा मुद्दा. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत लागलेल्यांचं जुनं निवृत्तिवेतन गेलं. तिशीत जायबंदी झालेल्याच्या खात्यात जमा असून असणार किती? मार्च 2023 च्या संपानंतर 31 मार्चला शासनाने या कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतन लागू केलं. मनात आणलं की तिजोरीत जागा होते, हे तेव्हा दिसलं. मात्र घरी पक्षाघात झालेला कारकून आणि कोसळत्या भिंतीखाली सापडलेला जवान यांत फरक करायला हवा. कर्तव्यावरच्या इजेसाठीचं असाधारण निवृत्तिवेतन केंद्राच्या नियमांत 1939 पासून आहे. तशी वाढीव रक्कम आपल्या जवानाला सेवेची वर्षं न मोजता मिळावी, बोर्डाचा निर्णय होईपर्यंत पूर्ण पगार चालू राहावा, धुरात काढलेले तास प्रत्येक वर्दीनंतर त्याच्या नावावर नोंदवले जावेत आणि त्या नोंदीची प्रत त्याच्या हातात असावी.

हे कायम आस्थापनेपुरतंही ठेवता येणार नाही. त्याच गाडीवर ठेकेदाराचा ड्रायव्हर असतो, त्याच बंदोबस्तात होमगार्ड उभा असतो. त्यांच्या अपंगत्वाची रक्कम पालिकेने किंवा शासनाने थेट द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करायची ती त्यांनीच करावी.