अंगठा

वाशी म्हटलं की मुंबईवाल्याला नवी मुंबईचं मार्केट आठवतं. तिथं धान्याच्या थप्प्या. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. इथं ज्वारी पिकते. तांदूळ येतो तो कंट्रोलच्या दुकानात, आणि घरी येतो तो यंत्राची मर्जी असेल तर.

दोस्तहो, साहेब लोक सांगतात, पुरवठ्याची साखळी झकास चाललीय. मी लातूरला डाळमिलीत पोती उचलतो. साखळीचं मला शिकवू नका. भंडारा-गोंदियाचं धान सरकार घेतं, मिलवाल्याला भरडायला देतं. क्विंटलमागं 67 किलो तांदूळ मोजून परत घेतं. पोत्याला शिक्का, ट्रकला पावती, गोदामाला कुलूप. साखळी चालते, कबूल. पण ती पोत्यासाठी चालते. माणसापाशी आली की तुटते.

माझी आई. जन्म गेला दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात. बोटाच्या रेघा मातीत गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, उठेना. पदराला पुसून ठेवला, उठेना. दुकानदार म्हणाला, "म्हातारे, पुढल्या महिन्यात ये." आणि ह्या महिन्याचं? "ते गेलं." माझा अंगठा लावावा, तर तो बारदानानं खाल्लेला.

पिढ्यान् पिढ्या आपल्याला अंगठेबहाद्दर ठेवलं. बाबासाहेबांनी लेखणी दिली, आपण सही शिकलो. आता घासभर भातासाठी यंत्र पुन्हा अंगठाच मागतंय, आणि राबून झिजलेला अंगठा ओळखत नाही! ज्यानं कधी ढेकूळ फोडलं नाही त्याचा अंगठा लख्ख उठतो. यंत्राला जात नसते म्हणता? मग हे काय?

म्हणतात, यंत्रानं चोरी थांबली. थांबली असेल. पण चोरासाठी लावलेल्या जाळ्यात माझी म्हातारी का अडकते?

म्हणतात, फुकट मिळतंय, गप बसा. जानेवारी 2023 पासून पैसे लागत नाहीत, खरंय. पण ही येसकराच्या टोपलीत टाकलेली शिळी भाकर नव्हे. हा 2013 चा कायदा आहे. माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो. धान्य दिलं नाही तर कलम 8 प्रमाणं पैशात भत्ता द्यावा लागतो. कलम 27 सांगतं, वाटपाचे कागद लोकांना बघायला खुले. कलम 29 सांगतं, दक्षता समितीत दलित हवा, बाई हवी. अंगठा उठला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका, हे केंद्रानं 2017 सालीच लिहून दिलंय. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, माहीत आहे?

पोरांनो, 14 एप्रिलची मिरवणूक जरूर काढा. पण 15 तारखेला वस्तीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन कंट्रोलसमोर उभं राहा. ज्याचा अंगठा उठला नाही त्याचं नाव वहीत लिहा, तारीख लिहा. तहसीलला अर्ज द्या. दाद नाही मिळाली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. अर्जाखाली अंगठा नको, सही करा.

साखळी किती चांगली, ते गोदामातलं पोतं सांगणार नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरातलं मडकं सांगेल.

जयभीम.