दिवसाचा रोजमेळ

दुकान वाढवण्यापूर्वी गल्ल्यातील रोकड मोजून रोजमेळाशी ताडून पाहणे, ही व्यापारी घराण्यांची जुनी शिस्त. पन्नास रुपयांचा फरक त्याच रात्री सापडतो, कारण गिऱ्हाइकाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर असतो; महिन्यानंतर शोधू जाता तो सापडत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या याच घरांतील मूल मात्र शाळा आणि दोन क्लास आटोपून रात्री परतते, तेव्हा त्याच्या दिवसाची शिल्लक कोणी काढीत नाही. वह्या भरलेल्या दिसल्या की पालकांचे समाधान होते. केवळ बिल पाहून माल आला असे मानण्याची चूक हेच पालक गोदामात कधी करणार नाहीत.

शिकलेल्यापैकी सर्वाधिक भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले. जैन परंपरेने तर स्वाध्यायाला अभ्यंतर तपात स्थान दिले. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार येतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आजचे क्लास वाचन आणि घोकंपट्टी यांपुढे क्वचितच जातात. शंका विचारणे, मनाशी घोळवणे, दुसऱ्याला सांगणे हे तीन प्रकार घराच्या वाट्याला उरतात.

त्यासाठी निराळी खोली वा मोकळी दुपार लागत नाही. १८९१ मध्ये विलायतेहून मुंबईस परतलेल्या गांधीजींची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. हिरे-मोत्यांचा व्यवहार आटोपताच ते धर्मग्रंथ किंवा आपली रोजनिशी उघडीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे; तीही त्याच पेढीवर.

‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला मुलांचे उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही.’ त्याऐवजी पुस्तक मिटून एकच नेमका प्रश्न विचारावा. चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ असेल, तर दुकानातील उधारीवर ते दोन वर्षांत किती होईल, हे आजीला समजावून सांगण्यास सांगावे. इंग्रजी माध्यमातील मुलाची येथे खरी कसोटी लागते, कारण आजी ‘प्रिन्सिपल’ या शब्दावर समाधान मानीत नाही. तो अडखळला तर रागावू नये. फरक सापडावा म्हणूनच तर हिशेब मांडायचा. दहा मिनिटे पुरेत. घरात कोणालाच न सुटलेली शंका वहीच्या शेवटच्या पानावर ‘येणे’ म्हणून लिहावी आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडून ती वसूल करून आणण्याचे काम मुलावर सोपवावे.