हिशेब विचारणारा वैरी नव्हे



वार्षिक सभा जवळ आली की गावोगावच्या पारावर एकच चर्चा सुरू होते. यंदा कोण बोलणार, कोणाला बोलू देणार नाहीत, आणि बोलणारा कोणत्या गटाचा? एखाद्या सभासदाने उठून 'दुरुस्ती-देखभालीचा खर्च एवढा कसा वाढला?' असे विचारले, की उत्तर राहते बाजूला आणि 'हा कारखान्याच्या मुळावर उठला' अशी ओरड होते. आम्हांस हे योग्य वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी आज आम्ही एका परक्या मुलखातील शेतकऱ्याची हकीगत सांगणार आहोत. हा शेतकरी पुढे सैनिक झाला, दुकानदार झाला, कायदेमंडळात गेला आणि शेवटी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. हॅरी ट्रूमन हे त्यांचे नाव. अध्यक्षपदाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हांस सांगायची आहे ती मुख्यतः त्याच्या आधीची.

ट्रूमन यांचा जन्म १८८४ सालचा, मिझुरी राज्यातला. वडिलांनी धान्याच्या सट्ट्यात होते-नव्हते ते घालवले. मुलाला कॉलेजची पदवी काही मिळाली नाही. १९०६ ते १९१७ अशी अकरा वर्षे त्यांनी ग्रँडव्ह्यू येथील सुमारे ६०० एकरांच्या घरच्या शेतीत काढली. नजर फार अधू. तरीही डोळे तपासण्याचा तक्ता पाठ करून ते राज्याच्या राखीव सैन्यात भरती झाले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा वयाची तिशी उलटलेली असताना ते पुन्हा दाखल झाले.

छावणीत त्यांच्याकडे पलटणीचे कॅन्टीन चालवण्याचे काम आले. जवानांनी माणशी दोन-दोन डॉलर घालून भांडवल उभे केले होते. म्हणजे आपल्या भाषेत भागभांडवलच म्हणा ना. एडी जेकबसन या सोबत्याच्या मदतीने ट्रूमन यांनी हे कॅन्टीन असे चालवले की थोड्याच महिन्यांत भांडवल परत गेले आणि वर नफाही वाटला गेला. पुढे १९१८ साली फ्रान्समध्ये तोफखान्याची एक तुकडी त्यांच्या हाती आली. जवान मोठे दांडगे, आधीच्या अधिकाऱ्यांना न जुमानणारे. ट्रूमन यांनी त्यांना शिस्त लावली, आणि त्यांच्या हुकमतीखाली त्या तुकडीचा एकही माणूस लढाईत मेला नाही.

परत आल्यावर नोव्हेंबर १९१९ मध्ये कॅन्सस सिटी शहरात त्यांनी जेकबसन यांच्याबरोबर कपड्यांचे दुकान काढले. शर्ट, टाय, टोप्या असा माल. पहिले वर्ष झकास गेले. मग मंदी आली. ती कशी होती हे ऊसवाल्यांना एका आकड्यावरून कळेल. क्यूबाची कच्ची साखर मे १९२० मध्ये पौंडाला साडेबावीस सेंटपर्यंत चढली होती, ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार सेंटांच्या खाली आली. धान्याचेही तसेच झाले. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नाही, मग टाय कोण घेणार? १९२२ साली दुकानाला कुलूप लागले.

भागीदार जेकबसन यांना काही वर्षांनी दिवाळे जाहीर करावे लागले. त्यात लाज नाही, कायद्याने दिलेली ती वाट आहे. ट्रूमन यांनी मात्र ती वाट धरली नाही. कुठे हप्ते पाडून, कुठे तडजोड करून ते पंधराएक वर्षे देणी फेडत राहिले. खासदारकी मिळाल्यावरही दुकानाचे ओझे पुरते उतरलेले नव्हते.

आता कडू भाग. ट्रूमन राजकारणात आले ते टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याच्या पाठबळावर. या गृहस्थाची कॅन्सस सिटीवर जबर पकड होती, त्याचा स्वतःचा काँक्रीटचा धंदा होता, आणि १९३९ साली कर चुकवल्याबद्दल तो तुरुंगात गेला. म्हणजे ट्रूमनही गटाचेच उमेदवार होते. पण निवडून आल्यावर त्यांनी काय केले ते पाहा. ते काउंटी कोर्टाचे न्यायाधीश झाले. नाव न्यायाधीशाचे, काम आपल्या जिल्हा परिषदेसारखे. १९२८ साली लोकांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. ट्रूमन यांनी दोन्ही पक्षांचा एकेक इंजिनिअर नेमून आराखडा केला आणि ठेके कमी दराच्या निविदेला दिले. पुढाऱ्याचे दोस्त चिडले, पण रस्ते झाले. १९३४ साली ते सिनेटवर निवडून गेले. १९४० साली कर्ज थकल्यामुळे त्यांच्या वृद्ध आईची शेती लिलावात गेली. मुलगा त्या वेळी सिनेटर होता! सत्तेजवळचा माणूस घर भरतोच असे म्हणणाऱ्यांनी हे टिपून ठेवावे.

आमच्या मुद्द्याची खरी गोष्ट १९४१ सालची. अमेरिका युद्धाच्या तयारीला लागली होती, पैसा पाण्यासारखा वाहत होता. छावण्यांच्या बांधकामात ठेकेदाराचा खर्च सरकार भागवणार आणि वर नफा देणार, असे करार होते. मग खर्च आवरायचे ठेकेदाराला कारणच काय? तक्रारी आल्यावर ट्रूमन आपली मोटार काढून स्वतः छावण्या पाहत फिरले. माल उघड्यावर सडतोय, माणसे पगार घेऊन नुसती उभी आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या ठरावावरून १ मार्च १९४१ रोजी चौकशी समिती नेमली गेली. सात सभासद, त्यांत दोन विरोधी पक्षाचे, आणि सुरुवातीला खर्चाला अवघे १५ हजार डॉलर.

लक्षात घ्या, सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. अध्यक्ष रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे. युद्धाच्या तोंडावर हिशेब मागणे म्हणजे शत्रूला बळ देणे, असे म्हणणारे तिथेही होते. पण समितीने दोन पथ्ये पाळली. एक, लढाई कशी लढावी यात नाक खुपसायचे नाही, पैसा आणि माल कुठे जातो एवढेच बघायचे. दुसरे, अहवाल द्यायचा तो सर्वांच्या एकमताने. १९४३ साली ओहायोतील एका कारखान्यात सदोष विमान इंजिने तपासनिसांकडून पास होत असल्याचे या समितीने उघडकीस आणले. ते प्रश्न विचारले गेले नसते तर किती वैमानिकांचा जीव धोक्यात आला असता? समितीमुळे अब्जावधी डॉलर वाचले असे मानले जाते. सैन्य त्यामुळे दुबळे झाले नाही, उलट धड माल मिळू लागला.

एका ठिकाणी मात्र समिती थांबली. जून १९४३ मध्ये युद्धमंत्री स्टिम्सन यांनी एका गुप्त प्रकल्पाची चौकशी करू नये अशी विनंती केली आणि ट्रूमन यांनी ती मानली. तो अणुबाँबचा प्रकल्प होता. त्याची पुरी माहिती ट्रूमन यांना मिळाली ती एप्रिल १९४५ मध्ये, स्वतः अध्यक्ष झाल्यावर. हिरोशिमा आणि नागासाकीत जे घडले त्याचे समर्थन करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या आठवणीने आजही मन सुन्न होते. सांगायचे ते इतकेच, की 'हे गुपित आहे' असे उत्तर युद्धात एखाद्या वेळी दिले जात असेल. साखर कारखान्यात गुपित ते कसले? काटा, उतारा, मळी, भुसा, तोडणी-वाहतूक, कर्जावरचे व्याज, यांतले सभासदापासून झाकावे असे काय आहे?

ट्रूमन यांच्या हकीगतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. संचालक निवडताना तो कोणत्या गटाचा हे तुम्ही बघणारच, त्याला इलाज नाही. पण त्याने स्वतःची देणी कशी फेडली, सोसायटीत आणि भाऊबंदकीत व्यवहार कसा ठेवला, हेही बघा. आणि सभेत कोणी हिशेब विचारला तर तो कोणाचा माणूस आहे हे नंतर शोधा, आधी प्रश्न खरा आहे का ते पाहा.

विचारणाऱ्यानेही पथ्य पाळावे. बॉयलर कसा चालवायचा हे चीफ इंजिनिअरला शिकवू नये. ऐकीव गोष्टींवर आरडाओरडा करू नये. अहवाल घरी येतो तो पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला नव्हे. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ही दोन पाने तरी बसून वाचावीत. आकडे समजत नसतील तर घरातल्या शिकलेल्या मुलीला, सुनेला वाचायला सांगावे. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी मांडावा, जिथे फरक मोठा दिसेल तिथे खूण करावी आणि प्रश्न लेखी द्यावा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येते.

संचालक मंडळालाही आमचे नम्र सांगणे आहे. चार प्रश्न जास्त आले म्हणून सभा लांबली तर लांबू द्या. सभासदाने शेअरची रक्कम घामातून भरली आहे, त्याच्या उसाच्या बिलातून कपाती झाल्या आहेत. त्या पैशाचे काय झाले असे तो विचारतो, तेव्हा कारखाना आपला आहे असे त्याला अजून वाटते आहे. ज्या दिवशी तो विचारायचे सोडून देईल आणि ऊस गुपचूप दुसरीकडे घालील, त्या दिवसाची काळजी आपण करायला हवी.